अक्काच्या खोल्या

वडवणीत मला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी नव्यानं रुजू झाले होते. वय पंचविशीचं, गाव उदगीरकडचं, आणि लग्न झालेलं नव्हतं. जिथं जावं तिथं पहिला प्रश्न एकच, "मिस्टर कुठं असतात?" मिस्टर नाहीत म्हटलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटी शाळेच्या शिपायानं सांगितलं, "बीड रोडला अक्काच्या खोल्या हायत, तिथं बघा बाई. पर दुपारी जा. अक्का सकाळी खोली दावत न्हाई."

जून लागून बरेच दिवस झाले होते, पावसाचा पत्ता नव्हता. भर उन्हात मी गेले. रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, पुढं अंगण, अंगणात सिमेंटचा हौद, आणि एका कडेला अक्काचं स्वतःचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. अक्का ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं माझ्याकडं बघितलं, सूप बाजूला ठेवलं, एक खोली उघडली, मला आत सोडलं आणि दार लोटून स्वतः बाहेर पायरीवर बसली. मी आत एकटीच. आधी गंमत वाटली, मग घाम फुटला, मग पाठीवरून धारा लागल्या.

बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला, "कसं वाटतंय?"

"गरम होतंय."

"लई व्हतंय. पत्रा हाय. पावसात त्या खिडकीपाशी गळतं, तिथं पुस्तकं ठिवू नका. पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं, मंजी तुमचंबी त्यानला जाईल. सकाळी समद्याच खोल्या चांगल्या दिसत्यात. आता सांगा, घ्यायची का?"

मिस्टरांचा विषय निघालाच नाही. मीच विचारलं, "तुम्हाला माझ्याबद्दल काही विचारायचं नाही का?"

"इचारते की," अक्का म्हणाली. "सैपाक चुलीवर का ग्यासवर?"

तिनं कुलपाच्या दोन्ही चाव्या माझ्या हातात ठेवल्या. एक तुमच्याकडं राहू द्या म्हटलं तर तिला ते विचित्रच वाटलं. "मला कशाला तुमच्या घराची चावी?"

त्या खोलीत मी नऊ-दहा वर्षं राहिले. तेवढ्या काळात अक्का माझ्या खोलीचा उंबरा ओलांडून आत आल्याचं मला आठवत नाही. सणाला पुरणपोळीचं ताट आणलं तरी ती दाराबाहेरून "बाई" अशी हाक मारायची आणि मी बाहेर येईपर्यंत थांबायची. मी आत या म्हणायची, ती मान हलवायची. कधी मी आजारी असले तर दारापाशी पाट टाकून बाहेरच बसायची आणि तिथूनच मला कांजी प्यायला लावायची.

अक्काचा नवरा तिथल्या सहकारी जिनिंगमध्ये होता. जिनिंग बंद पडल्यावर हाताला जे आलं त्यातून त्यानं या खोल्या बांधायला काढल्या आणि वर पत्रे चढायच्या आत तो गेला. राहिलेलं काम अक्कानं गवंड्याच्या मागं उभं राहून पुरं केलं. मुलगा सुभाष तेव्हा शाळेत होता; पुढं तो पुण्याला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. अक्काला लिहितावाचता जेमतेम येई. पण करारनामा केल्याशिवाय तिनं कधी कोणाला ठेवलं नाही. तहसीलसमोरच्या लिहिणाऱ्याकडून तो करून आणायचा, जुन्या भाडेकरूनं नव्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग अंगठा आणि सही. त्याची एक प्रत भाडेकरूला. ठाण्यात नोंद करायला ती भाडेकरूला घेऊन स्वतः जायची, वाटेत त्याला चहा पाजायची. "ठाण्यात जाताना माणसाचं तोंड सुकतं," म्हणायची.

आमच्या पलीकडं तांदळे तात्या राहायचे. सेवा सोसायटीचे सचिव म्हणून आयुष्य काढलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनीही तीन खोल्या बांधल्या आणि दोनच महिन्यांत भाडेकरूंशी त्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. एका संध्याकाळी ते तणतणत अक्काच्या ओट्यावर आले.

"अक्का, लई माजलेत हे लोक. काल आत जाऊन बघितलं तर भितीला खिळेच खिळे."

"तुमी कावून गेलतात?"

"कावून मंजी? माझी खोली हाय."

"भाडं कोण भरतंय?"

"ते भरतेत."

"मग तुमची कशी?"

अक्कानं चहा मांडला. मग सूप पुढ्यात ओढून, त्यांच्याकडं न बघता, ती बोलत राहिली. लाईटाचं मीटर प्रत्येकाला वेगळं घ्या, निम्मी भांडणं तिथंच मिटतील. एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगू नका, आपल्याला कुणी सांगितली तरी ऐकून तिथंच सोडा. भाडं मागायला त्यांच्या दारात उभं राहू नका, माणूस जेवत असतं. तारीख ठरवा आणि त्यांना तुमच्या ओट्यावर येऊ द्या. पाहुणे किती आले ते मोजू नका. आणि खोली सोडतील तेव्हा दोघं मिळून खोली बघा, सामान टेम्पोत चढायच्या आत त्यांची अनामत त्यांच्या हातात द्या.

"आन् खिळे?" तात्यांनी विचारलं.

"देव कशाला टांगतील वं त्ये मग?" अक्का म्हणाली.

तात्यांनी चहा संपवला, मान डोलावली आणि घरी गेले. वर्षभरात त्यांच्या खोल्यांचं खताचं गोदाम झालं. "पोत्याला पाव्हणे येत न्हाईत," असं अक्का हसून म्हणाली. तिला मोकळं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं, त्यातली ही एक.

मग लागोपाठ दुष्काळ पडले. आमच्या बोअरला आधी माती येऊ लागली, मग वाराच. टँकर आला की अंगणातल्या हौदात पाणी पडायचं आणि तिथून भांडणं सुरू व्हायची. एकदा खोल्यांमधल्याच पोलिसाच्या बायकोनं आणि शेजारच्या मुलाणींच्या सुनेनं एकमेकींच्या घागरी फेकल्या. सगळे अक्काकडं बघत होते. मालकीण होती, तिनंच पाणी वाटावं असं सगळ्यांना वाटत होतं. अक्कानं हौदाला झाकण करून घेतलं, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली मुलाणींच्या सुनेच्या हातात दिली. "आठवडाभर तू वाट. पुढचा आठवडा हिनं." अशी किल्ली खोल्याखोल्यांतून फिरली. अक्काच्या घराला मात्र किल्लीची पाळीच नव्हती. स्वतःच्या हौदातल्या पाण्यासाठी ती घागर घेऊन सगळ्यांच्या मागं उभी राहायची. ज्या दोघींनी घागरी फेकल्या होत्या, त्या तिची घागर आधी भरायला धडपडायच्या, आणि ती नको म्हणायची.

शेवटच्या खोलीत भास्कर राहायचा. सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. बायको कविता, एक मुलगी रेणुका. रेणुका माझ्याच शाळेत. दुष्काळात ऊसच उरला नाही, कारखान्याची चिमणी थंड पडली. भास्कर मग टँकरवर ड्रायव्हर झाला. धिप्पाड माणूस, पण दोन उन्हाळ्यांत त्याची रया गेली. पोटात गाठ निघाली. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातून त्याला परत पाठवलं ते, घरी न्या, खायला मागेल ते द्या, असं सांगून.

जीप अंगणात आली तेव्हा आम्ही सगळे बाहेर होतो. भास्करचा धाकटा भाऊ गावाहून आला होता. गावातल्या घरी नको, शेतातल्या खोपटात ठेवू, असं त्याचं चाललं होतं. आमच्यातल्याही कुणाकुणाची कुजबुज सुरू झाली. पोलिसाची बायको शेवटी म्हणाली, "अक्का, लहान लेकरं हायत आमची. आन् उद्या हितं काय झालं तर तुमची खोली कोण घेईल?"

अक्का जीपपाशी गेली. भास्कर मागच्या बाकावर आडवा होता, डोळे उघडे, सगळं ऐकत होता.

"भास्कर, उतर," ती म्हणाली. "तुझं घर हाय. घरी आलास तू."

तो महिनाभर होता. गेला तेव्हा त्याला अंगणात आणायला अक्का स्वतः पुढं झाली. त्यानंतर दोन बिऱ्हाडं सोडून गेली. कविताला एकटीला भाडं झेपेना म्हणून ती शेवटची खोली सोडणार होती, पण ती कुणी घेईना. कोणी बघायला आलं की अक्का आपणहून सांगायची, हितं माणूस गेलंय. सुभाष पुण्याहून आला तेव्हा यावरून चिडला. "आई, सांगतीस कशाला? गाळे काढू आपण इथं, लोक रांगा लावतील."

"मी न्हाई सांगितलं तर शेजारीण सांगंल. मग ते माणूस भिऊन ऱ्हाईल."

"मग तूच ऱ्हा जाऊन तिथं."

"ऱ्हाते," अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं आपली वळकटी आणि देव त्या पत्र्याच्या खोलीत हलवले, आणि स्वतःचं स्लॅबचं घर पोलिसाच्या कुटुंबाला भाड्यानं दिलं.

अक्का खोलीत आली म्हणून कविता निघून गेली असं मात्र नाही. दोघी आणि रेणुका, तिघी तिथं राहिल्या. दसरा झाला की कविता दिराच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जायची आणि रेणुका अक्काजवळ राहायची. सकाळी दोघी अंगणात बसायच्या. रेणुका मोठ्यानं धडा वाचायची, अक्का ज्वारी निवडता निवडता मध्येच थांबवायची, "पुन्ना वाच, ते नदीचं." भूगोल तिला फार आवडायचा. आफ्रिकेतल्या नद्यांची नावं ती पोरीकडून घोकून घेई. शाळेत पालकसभेला कविता नसे, तर अक्का येऊन शेवटच्या बाकावर बसायची, पण रेणुकाबद्दल कधी एक शब्द विचारायची नाही. मी म्हटलं, "विचारा ना अक्का, हुशार आहे पोरगी." ती म्हणाली, "तिच्या आईनं इचारायचं ते. मी ऐकून तिला सांगते."

रेणुका नववीत गेली त्या उन्हाळ्यात तिचा चुलता आला. कविताही बरोबर होती. मुलगा बघितलाय, ते म्हणाले. तोही टोळीतलाच, म्हणजे लग्न झालं की नवराबायकोचा एक कोयता पुरा होईल; ऊसतोडीत जोडप्यालाच एक कोयता धरतात.

अक्कानं कविताकडं बघितलं. "शिकतीया की ती."

कविता जमिनीकडं बघत होती. "पोरगी वयात आली अक्का. सा महिने मी नसते. जिवाला घोर लागतो."

"माझ्यापाशी हाय की. मी हाय की हितं."

चुलता उठून उभा राहिला. आवाज काही चढवला नाही त्यानं. "तुमी कोन अक्का आमच्या? खोली दिली, उपकार झाले. पोरगी आमची हाय."

ज्या बाईनं कधी कोणाचा उंबरा ओलांडला नव्हता, ती बाजूला सरकली. रेणुका दप्तर घेऊन निघाली होती. चुलत्यानं ते तिथंच ठेवायला लावलं.

ते गेल्यावर अक्का माझ्या दाराशी आली. "बाई, कायदा हाय म्हणत्यात. खरं का?"

मी त्यांच्या गावच्या ग्रामसेवकाला कळवलं; बालविवाह रोखायचं काम त्याच्याकडं असतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी एसटीनं त्यांच्या गावी गेलो. ग्रामसेवक आणि अंगणवाडीच्या ताई आधीच येऊन बसल्या होत्या. मांडव अजून घातलेला नव्हता. रेणुकाच्या घरच्यांनी लग्न करणार नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहून दिलं, आम्हाला सरबत पाजलं. रेणुका आतल्या दारात उभी होती. अक्का तिला म्हणाली, "शाळा उघडली की ये." पोरीनं जोरजोरात मान डोलावली. परतीच्या एसटीत अक्का खिडकीतून बाहेर बघत मला नद्यांची नावं म्हणून दाखवत होती.

आठवड्यानं दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्याशा देवळात सकाळीच ते लग्न उरकलं. आम्हाला कळलं तेव्हा हळदही उतरली होती.

हिवाळ्यात अक्का एक दिवस उठली आणि कोल्हापूरकडच्या एसटीत बसली. वडवणी-बीडच्या पलीकडं ती आयुष्यात फारशी गेलेली नव्हती. रेणुकाची टोळी उतरली होती त्या साखर कारखान्याच्या तळावर ती विचारत विचारत पोचली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. मी विचारलं, भेटली का? "भेटली," ती म्हणाली. "उसाच्या पाचटाची कोपी हाय, झोपडीच. वाकून आत जावं लागतं. मला म्हणाली, अक्का बसा. चहा केला तिनं." आणि थोड्या वेळानं, "हात बघवत न्हाईत पोरीचे."

पुढच्या पावसाळ्यात रेणुका पहिल्या बाळंतपणाला आली, ती सरळ अक्काच्या खोलीवर. कविता दोन दिवस आधी येऊन राहिली होती. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. बाळ लहान होतं, फार लहान. ओंजळीत मावेल असं. अक्का त्याला उन्हाला घेऊन बसायची. रेणुका सोळाचीही नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर बाईपण आलं होतं. दुपारी ती माझ्याकडं यायची, पुस्तकं चाळायची आणि न वाचताच परत ठेवायची. एकदा मी म्हटलं, बाहेरून दहावीला बसता येतं. ती म्हणाली, "बघू की बाई," आणि माझंच मन राखायला हसली.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण शेवटी मला ते सांगायचं नाही. त्या हिवाळ्यात अक्काला ऊसतोडीच्या तळावर थंडी बाधली, छाती भरून आली, आणि कारखान्याच्या गावातल्या दवाखान्यात ती गेली. मुकादमाचा फोन मला आला. सुभाष पोचेपर्यंत टोळीच्या लोकांनी लाकडं रचलेली होती. मूठभर राख घेऊन तो परत आला. रेणुकाची मुलगी जगली. आज ती शाळेत जाते, हे मला कवितानं सांगितलं.

अक्काला मी शेवटचं बघितलं ते दिवाळी झाल्यावर. रेणुकाच्या सासरच्या टोळीचा ट्रक बीड रोडला येऊन थांबला होता. भांडी, पाण्याचे ड्रम, शेळ्या, कुत्रं, आणि त्यावर माणसं. उन्हं कलली होती. रेणुका वर चढली. सासू, नवरा, दीर, सगळे कोयत्यावर जाणारे. बाळाला दिवसभर बांधावर झोळीतच ठेवावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्का बाळाला घेऊन ट्रकच्या फाळक्यापाशी उभी होती. बाळ वर द्यायचं, एवढंच राहिलं होतं.

रेणुकानं वरून हात केले. अक्कानं बाळ दिलं नाही. ती मला म्हणाली, "बाई, धरा जरा," आणि पोर माझ्या हातात देऊन, पदर खोचून, चाकावर पाय ठेवून वर चढली. त्या वयात कशी चढली देव जाणे. वर जाऊन तिनं दोन ड्रमच्या मधे वाकळ अंथरली, खाली बसली आणि मग हात पुढं केले.

"द्या आता."

"अक्का, अहो तुम्ही कुठं?" मी म्हटलं.

रेणुकाची सासूही बघत राहिली. "आक्का, थंडी लई असती तिकडं. तुमाला कोपीत न्हाई जमायचं."

"लेकराला जमतंय न्हवं?" अक्का म्हणाली. "मग मला कावून न्हाई जमायचं?"

मुकादमानं एक माणूस जास्तीचं म्हणून कुरकुर केली. मी बाळ वर अक्काच्या हातात दिलं. रेणुका इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी होती, ती अक्काच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

"बाई," अक्का वरून ओरडली, "मधल्या खोलीच्या नळाला वायसर बसवायचाय, तेवढं कुणाला सांगा."

मी हो हो म्हणत ट्रकबरोबर चार पावलं चालले. बीड रोडला लागल्यावर गाडीनं वेग घेतला. अक्काचे दोन्ही हात बाळात गुंतले होते, त्यामुळं तिनं हात केला नाही. वारं लेकराला लागू नये म्हणून ती वळून बसली, आमच्याकडं पाठ करून, आणि ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत मला तिची ती वाकलेली रुंद पाठच दिसत राहिली.